संग्रहातले रंग विटू नयेत म्हणून: प्रकाशाची चाचणी आणि धोरण, क्रमाने

कोकणातल्या छोट्या संग्रहालयांत, वाचनालयांच्या वस्तुदालनांत आणि वाड्यांत मांडलेल्या खासगी संग्रहांत एक चूक पुन्हा पुन्हा होते. देणगी आली की आधी दिवे बदलले जातात. मग कोणीतरी '५० लक्स' (लक्स हे वस्तूवर पडणाऱ्या उजेडाचं माप) हा आकडा ऐकून येतं, मोबाइलवर मोजमाप होतं, आकडा जवळपास जुळतो आणि विषय संपतो. भिंतीवरच्या चित्रकथीतला, म्हणजे गोष्ट सांगायच्या रंगीत चित्रांतला, पिवळा किती नाजूक आहे, शेजारच्या शेल्यावर सकाळी ऊन येतं का, हे कोणी पाहिलेलंच नसतं.

क्रम उलटा हवा. आधी वस्तू पाहायच्या, मग प्रकाश मोजायचा, मग चाचणी, मग हिशेब, आणि दिवे सगळ्यात शेवटी. फाटलेला कागद जोडता येतो, लाकडाला लागलेली कीड थांबवता येते, पण उडालेला रंग कोणताही संवर्धक परत आणून देत नाही. म्हणून घाई इथे महागात पडते.

पुढचं सगळं एकाच सूत्रावर उभं आहे: लक्स गुणिले तास. ५० लक्सखाली १०० तास आणि ५०० लक्सखाली १० तास, दोन्हींचा गुणाकार ५,००० लक्स-तासच, आणि रंगाची झीजही जवळपास सारखीच. ५० लक्स ही 'इथपर्यंत काही होत नाही' अशी रेषा नव्हे. त्या उजेडातही रंग उडतो, फक्त सावकाश.

## १. तयारी

सुरुवात ऑक्टोबरात करा. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असतं, मोजणी फसवी येते आणि चाचणीच्या पट्ट्यांवर बुरशी धरते. ऑक्टोबर ते मे हा काळ सलग मिळाला तर काम नीट होतं.

साहित्य फार लागत नाही. चांगला लक्समीटर, निळ्या लोकरीचं प्रमाणित कार्ड, पोळ्या गुंडाळायची अ‍ॅल्युमिनियम फॉइल, आम्लमुक्त पुठ्ठा, पेन्सिल, खडू आणि एक जाड वही. अतिनील किरण मोजायचा मीटर महाग असतो, तो एखाद्या मोठ्या संग्रहालयाकडून दोन दिवस उसना मागा. मोबाइलमधलं अ‍ॅप अंदाजापुरतं ठीक, पण दोन फोन एकाच जागी वेगळे आकडे दाखवतात. त्यावर धोरण ठरवू नका.

निळ्या लोकरीच्या कार्डावर लोकरीच्या आठ पट्ट्या असतात, प्रत्येकीचा निळा रंग वेगळा. १ नंबरची सगळ्यात लवकर उतरते, ८ नंबरची सगळ्यात उशिरा, आणि प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त टिकते. मुळात हे कार्ड कापडधंद्यातलं आहे, त्यामुळे कापड-तपासणीचं साहित्य विकणाऱ्यांकडे मिळतं.

खबरदारी: आयएसओ १ ते ८ असं लिहिलेलंच कार्ड घ्या. 'एल' अक्षराची अमेरिकी मालिका वेगळी आहे, तिचे नंबर खालच्या हिशेबाला लागू होत नाहीत. कार्ड हाती येईल तेव्हा लगेच काळ्या पाकिटात ठेवा. टेबलावर उघडं पडलेलं कार्ड वापरायच्या आधीच वाया जातं.

माणसं दोन हवीत. एक मोजणारा आणि दुसरा रोज खिडक्या उघडणारा. दालनाचा प्रकाश विश्वस्तांपेक्षा शिपायाला किंवा झाडलोट करणाऱ्या मावशींना जास्त ठाऊक असतो. वीज गेली की कोणती झडप उघडली जाते, झाडताना कोणते दिवे लागतात, आणि ते किती वेळ, हे त्यांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## २. वस्तूंची पाहणी

प्रत्येक वस्तूला चारपैकी एका गटात टाका. आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने (सीआयई) २००४ मध्ये केलेली विभागणी इथे पुरेशी आहे.

प्रकाशाने काहीच न होणाऱ्या वस्तू: जांभ्या दगडाचे वीरगळ, तोफगोळे, तांब्या-पितळेची भांडी, मातीची खापरं. यांच्यावर वेळ घालवू नका.

कमी संवेदनशील: रंग न दिलेलं लाकूड आणि हाड, तैलरंगातली बरीचशी चित्रं.

मध्यम: टिकाऊ रंगाचं सुती कापड, जलरंगातली बरीच चित्रं, हस्तलिखितं.

अतिसंवेदनशील: रेशीम, हळद, कुसुंबा यांसारखे वनस्पतिरंग, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले जांभळे-किरमिजी कृत्रिम रंग, हाताने रंगवलेले फोटो, रंगीत छायाचित्रं.

गट ठरवताना नावावर जाऊ नका, रंगावर जा. 'मोडी कागद' म्हटलं की लोक घाबरतात, पण काजळीची शाई प्रकाशाला दाद देत नाही. तिथे काळजी कागदाची करायची. याउलट त्याच रुमालात बांधलेल्या एखाद्या पत्रावर तांबडी किंवा जांभळी शाई असेल, तर तो एक कागद अख्ख्या दप्तरापेक्षा नाजूक. हरताळाचा पिवळा फिका पडतो, हिंगुळाचा लाल मात्र काळवंडतो, त्यामुळे 'फिकट दिसत नाही, म्हणजे ठीक आहे' हा निष्कर्ष काढू नका. रेशमाचं आणखी एक दुखणं आहे: रंग टिकला तरी उजेडाने धागा कुजतो आणि घडीवर तुटतो.

आता प्रत्येक वस्तूची झाकलेली बाजू पाहा. पागोट्याच्या पेचाच्या आत, शेल्याच्या दुमडीत, फ्रेमच्या कडेखाली दबलेल्या पट्टीत मूळ रंग शिल्लक असतो. पिंगुळीच्या (कुडाळजवळच्या गावच्या) चित्रकथीची एखादी पोथी वर्षानुवर्षं एकाच पानावर उघडी ठेवलेली असेल, तर ते पान आणि त्याच्या आतलं पान शेजारी धरा. उघड्या पानावरचा हिरवा निळसर झालेला दिसला, तर त्यातला पिवळा गेला. हा फरक म्हणजे तुमच्याच दालनाने लिहून ठेवलेला निकाल आहे. रंगपट्टी शेजारी ठेवून त्याचा फोटो काढा.

पडताळणी: यादीत प्रत्येक रंगीत वस्तूपुढे गट, झाकलेल्या आणि उघड्या भागातला फरक, आणि आजवर ती किती वर्षं मांडलेली होती, हे तीन रकाने भरले का? कधीच मांडली गेली नसेल, तर तसं ठळक लिहा. पेटीतून पहिल्यांदा बाहेर येणारी पैठणी सगळ्यात जास्त जपायची, कारण रंग सुरुवातीलाच सर्वांत वेगाने उडतो.

## ३. कवडसे शोधा

ही पायरी सगळे गाळतात, आणि कोकणातल्या घरांत सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

कौलारू छपरात अंधार नको म्हणून बसवलेलं एखादं काचेचं कौल असतंच. त्यातून पडणारा कवडसा सकाळी भिंतीवर, दुपारी जमिनीवर, मग समोरच्या काचपेटीवर असा फिरतो. एका निरभ्र दिवशी खडू घेऊन बसा. दर तासाला कवडशाची कड जमिनीवर, भिंतीवर आखा आणि आत वेळ लिहा. संध्याकाळी उन्हाची सगळी वाट समोर उमटलेली असेल. ही आखणी डिसेंबर, मार्च आणि मे अशी तीनदा करा, कारण वाट ऋतूप्रमाणे सरकते.

हिशेब बघा. थेट उन्हाचा कवडसा ३०,००० लक्सचा धरला आणि तो वस्तूवर रोज अर्धा तास राहिला, तर १५,००० लक्स-तास झाले. ५० लक्सखाली आठ तासांचा अख्खा दिवस ४०० लक्स-तासांचा. म्हणजे कवडशाचा अर्धा तास प्रदर्शनाच्या ३७ दिवसांएवढा. ज्या दालनात कवडसा येतो तिथे दिव्यांवर चर्चा करण्यात अर्थ नाही, आधी ते कौल झाका.

खबरदारी: 'उत्तरेची खिडकी निर्धोक' हा थंड देशांतला नियम इथे लावू नका. २१ मार्च ते २३ सप्टेंबर सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळी उत्तरेच्या भिंतीवर तिरपं ऊन येतं. रत्नागिरीच्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्यही डोक्याच्या उत्तरेकडे असतो. एप्रिल-मेच्या कोरड्या आभाळात हे ऊन पुरेपूर लागतं.

समुद्राकडे तोंड असलेल्या पश्चिमेच्या खिडक्यांवर दुहेरी मारा असतो, थेट उन्हाचा आणि पाण्यावरून परतून येणाऱ्या उजेडाचा. छज्जा वरचं ऊन अडवतो, खालून येणारी चमक नाही. तिथे झडप किंवा जाड पडदाच लागतो.

## ४. प्रकाशाची मोजणी

मीटर वस्तूच्या जागी, वस्तूच्याच पातळीत धरा. चित्र उभं असेल तर मीटरही उभा, गंजिफाचे (हाताने रंगवलेले खेळायचे) पत्ते आडवे असतील तर मीटर आडवा. दालनाच्या मध्यभागी हातात धरून घेतलेला आकडा कोणत्याच वस्तूचा नसतो. मोजणाऱ्याची सावली मीटरवर पडू देऊ नका, आणि पांढरा शर्ट घालून जवळ उभे राहू नका, त्यावरून उजेड परततो.

प्रत्येक जागेचे आकडे दिवे लावून आणि दिवे बंद करून, असे दोन्ही घ्या. दोन्हींतला फरक हा दिव्यांचा वाटा, उरलेला खिडक्यांचा. बऱ्याच ठिकाणी खिडक्यांचा वाटा इतका मोठा निघतो की नवे दिवे घेण्याचा ठराव आपोआप मागे पडतो. सकाळी दालन उघडताना, दुपारी, चार वाजता आणि बंद करताना अशा चार वेळा मोजा, आणि महिन्यातून एक दिवस तरी हे करा.

अतिनील किरणांसाठी ७५ मायक्रोवॉट प्रति ल्युमेन (दिसणाऱ्या उजेडाच्या एका एककामागे किती अतिनील, याचं माप) ही जुनी कमाल मर्यादा आहे. आज १० च्या आसपास आणणं कठीण नाही. साध्या काचेतून अतिनीलचा बराच भाग आत येतो, तेव्हा 'खिडकीला काच आहे' हे उत्तर होत नाही.

पडताळणी: बंद दालनातही मोजलंत का? सुट्टीच्या दिवशी झडपा उघड्या राहत असतील, तर ते तासही हिशेबात येतात. रंगाला रविवार नसतो.

## ५. दालनात कार्ड लावणे

मीटर त्या क्षणाचा आकडा सांगतो, कार्ड साठलेली बेरीज दाखवतं. दोन्ही लागतात.

1. कार्ड अशा तऱ्हेने कापा की प्रत्येक तुकड्यावर १ ते ४ या पट्ट्या येतील. घरातल्या उजेडात त्यापुढच्या पट्ट्या हलायला फार वर्षं लागतात.
2. प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग फॉइलने झाका. फॉइल दुहेरी घडीची हवी आणि कड अगदी घट्ट बसलेली. सैल कडेतून उजेड शिरला की मधली रेषा धूसर होते आणि निकाल वाचता येत नाही.
3. मागे पेन्सिलने जागा, तारीख आणि कार्डाचा क्रमांक लिहा.
4. कार्ड वस्तूच्या शेजारी, त्याच काचेच्या आत, त्याच कोनात ठेवा. पेटीवर ठेवलेलं कार्ड पेटीतल्या वस्तूबद्दल काही सांगत नाही.
5. एक तुकडा काळ्या पाकिटात, त्याच दालनाच्या कपाटात ठेवा. दमटपणाने काही बदल झाला तर तो या तुकड्यात दिसेल आणि उजेडावर खापर फुटणार नाही.
6. शेजारी पाटी लावा: 'प्रकाश-चाचणी सुरू आहे, हात लावू नये.' नाहीतर कोणीतरी ते उचलून पाहतंच.

दर तीन महिन्यांनी फॉइल काढून पाहा, त्याहून वारंवार नको. खिडकीपासून दूर, सावलीतल्या दिवसाच्या उजेडात, राखाडी कागदावर कार्ड ठेवून दोन माणसांनी वेगवेगळं पाहायचं आणि एकमेकांना न सांगता लिहायचं: मधली रेषा कोणत्या पट्टीपर्यंत दिसते? कापड-तपासणीतली राखाडी मोजपट्टी मिळाली तर तिच्यावरची ४ नंबरची जोडी म्हणजेच 'जेमतेम जाणवणारा फरक'.

वाचायचं कसं? १ नंबरच्या पट्टीवर जेमतेम फरक जाणवायला साधारण २.२ ते ३ लाख लक्स-तास लागतात. ५० लक्स, आठ तास, महिन्याला २५ दिवस या गतीने तीन महिन्यांत ३०,००० जमतात. तेव्हा तीन महिन्यांतच पहिली पट्टी उतरली, तर ठरवलेल्यापेक्षा सात ते दहापट प्रकाश तिथे पोचतो आहे. मीटरने पकडला नाही असा एखादा कवडसा, उघडी राहणारी झडप किंवा रात्रभर जळणारा दिवा शोधा.

पावसाळ्यात कार्डावर पांढुरकी भुरी दिसली तर पुसू नका, हातही लावू नका. फोटो काढा, तारीख लिहा आणि नवीन तुकडा लावा. दमट हवेत बरेच रंग अधिक वेगाने उडतात, आणि आपल्याकडे चार महिने हवा दमटच असते. जी कोष्टकं कोरड्या हवेत तयार झाली, त्यांचे आकडे इथे थोडे उदार धरलेले आहेत असं समजूनच वापरा.

## ६. नमुन्यांची जलद चाचणी

प्रश्न साधा आहे: आपल्या वस्तूतला रंग निळ्या लोकरीच्या कितव्या पट्टीसोबत उतरतो?

मूळ वस्तू उन्हात धरून हे शोधायचं नाही. 'कोपऱ्यातला एक धागा फक्त' असंही नाही. नमुने करायचे. सुती आणि रेशमी चिंधीवर हळद, कुसुंबा, मंजिष्ठा, नीळ असे रंग चढवा. गंजिफा किंवा लाकडी खेळणी असतील तर सावंतवाडीच्या कारागिरांकडून त्यांच्या रंगांची पट्टी करून घ्या, लाखेच्या थरासह आणि थराशिवाय अशा दोन. चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्यांसाठी पिंगुळीकडे विचारा. त्यांच्या हातच्या पट्ट्या घेताना रंग विकतचा की घरी घोटलेला, हे लिहून घ्या. आजचा रंग आणि दीडशे वर्षांपूर्वीचा रंग एक नसू शकतो. म्हणून निकाल दिशा दाखवायला घ्या, वस्तूवर शिक्का मारायला नको.

1. आम्लमुक्त पुठ्ठ्यावर सगळे नमुने आणि निळ्या लोकरीचं पूर्ण कार्ड शेजारी-शेजारी लावा.
2. सगळ्यांचा अर्धा भाग एकाच सरळ रेषेत फॉइलने झाका.
3. दक्षिणेची, ऑक्टोबर ते फेब्रुवारी ऊन येणारी खिडकी निवडा. दालनात अतिनील-रोधक फिल्म लावलेली असेल किंवा लावणार असाल, तर या काचेलाही तीच लावा.
4. पुठ्ठा काचेपासून वीतभर आत ठेवा, हवा खेळती हवी. काचेला चिकटवलेला नमुना तापतो, मग उष्णतेने झालेला बदल उजेडाच्या नावावर जातो.
5. १, २, ४, ८, १६ आणि ३२ दिवसांनी पाहा. प्रत्येक वेळी फॉइल एक बोटभर पुढे सरकवा, म्हणजे आतापर्यंतच्या मात्रेची एक पायरी झाकून राखली जाते. शेवटी जिन्यासारखी पट्टी तयार होते आणि सगळे टप्पे एकाच नजरेत दिसतात.

पहिल्या संध्याकाळची पाहणी चुकवू नका. खिडकीतल्या थेट उन्हात १ नंबरची पट्टी एक-दोन दिवसांतच हलते, आणि हळदीची चिंधी तिच्याही आधी. आठवड्याने गेलात तर हळद आणि कुसुंब्यातला फरक कायमचा हातून गेला.

प्रत्येक नमुन्यापुढे एवढंच लिहा: कोणत्या पट्टीच्या जोडीने फरक जाणवू लागला. 'हळद, सुती: १ च्या आधी.' हा पट्टीचा नंबर, म्हणजे रंगाचा वर्ग, हीच या चाचणीची कमाई. दिवस मोजून 'दालनात इतकी वर्षं टिकेल' असा गुणाकार करू नका. प्रखर उजेडात झटपट उडालेला रंग मंद उजेडात नेमका त्याच हिशेबाने वागतो असं नाही. पट्टीशी तुलना मात्र भरवशाची, कारण दोघांनी एकच ऊन सोसलेलं असतं.

एखादी वस्तू एकमेव असेल आणि नमुना करणं शक्य नसेल, तर सूक्ष्म-विरंजन चाचणी हा मार्ग आहे. संवर्धन-शास्त्रज्ञ पॉल व्हिटमोर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत वस्तूच्या अर्ध्या मिलिमीटरहून लहान ठिपक्यावर काही मिनिटं अतिप्रखर प्रकाश टाकतात आणि रंगातला बदल त्याच वेळी मोजत राहतात. डोळ्याला दिसण्याआधीच थांबता येतं. हे घरचं काम नव्हे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र किंवा लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा यांच्याकडे सल्ला मागा, आणि जाताना वरची यादी, मोजणी आणि पट्ट्या घेऊन जा. रिकाम्या हाताने विचारलेल्या प्रश्नाला मोघम उत्तर मिळतं.

## ७. हिशेब

इथे विश्वस्तांनी एक निर्णय घ्यायचा असतो, तो तंत्रज्ञ घेऊ शकत नाही: जेमतेम जाणवणारा एक फरक किती वर्षांत पडला तर चालेल? मी ५० वर्षं धरा असं सांगेन. त्याहून कमी धरणं म्हणजे आपल्याच नातवंडांच्या वाट्याचं वापरणं.

अतिनील गाळलेल्या उजेडात जेमतेम फरकासाठी लागणारी मात्रा साधारण अशी: १ नंबरला ३ लाख लक्स-तास, २ ला १० लाख, ३ ला ३० लाख, ४ ला १ कोटी. याला ५० ने भागा, म्हणजे वर्षाचा वाटा मिळाला. ५० लक्सखाली, रोज आठ तास धरून त्याचे दिवस असे होतात:

- १ नंबरसारखा रंग: वर्षाला ६,००० लक्स-तास, म्हणजे १५ दिवस.
- २ नंबरसारखा: २०,०००, म्हणजे ५० दिवस.
- ३ नंबरसारखा: ६०,०००, म्हणजे १५० दिवस.
- ४ नंबरसारखा: २ लाख, म्हणजे वर्षभर मांडता येतो, थोड्या जास्त उजेडातही.

अतिनील गाळला नाही तर हेच आकडे साधारण २.२ लाख, ६ लाख, १५ लाख आणि ३५ लाख असे उतरतात. नीट पाहिलं तर लक्षात येईल की ४ नंबरला फिल्मने जवळजवळ तिप्पट आयुष्य मिळतं, १ नंबरला मात्र जेमतेम दीडपटही नाही. हळदीच्या रंगाला डोळ्यांना दिसणारा उजेडच खातो. 'फिल्म लावली, आता कायम मांडा' हे सर्वात नाजूक वस्तूंच्या बाबतीत सर्वात चुकीचं ठरतं.

खबरदारी: चित्रीकरण, उद्घाटन, उत्सवातली रोषणाई वेगळी मोजा. २,००० लक्सचे दिवे तीन तास लागले की ६,००० लक्स-तास, म्हणजे पहिल्या वर्गाचा अख्ख्या वर्षाचा वाटा एका संध्याकाळी संपला. याच्या तुलनेत पर्यटकाच्या कॅमेऱ्याचा एखादा फ्लॅश किरकोळ आहे. फ्लॅशबंदीची पाटी लावून खिडकी उघडी ठेवणं हे तर सर्रास दिसतं.

## ८. धोरण लिहिणे

एक पान पुरे. त्यात वस्तुगटाप्रमाणे वर्षाचा लक्स-तासांचा वाटा, कोण मोजणार, कोण झडपा लावणार आणि परवानगीशिवाय कोणते दिवे लावायचे नाहीत, एवढं हवं. 'शक्यतो मंद प्रकाश ठेवावा' अशी वाक्यं नकोत, त्यांवरून कोणाला काही करता येत नाही.

फेरपालट धोरणातच लिहा. दशावतारी गंजिफा घ्या. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक ते दहा असे बारा पत्ते, एकूण १२०. सगळा डाव वर्षभर मांडायची गरज नाही. दर महिन्याला प्रत्येक अवताराचा एक, असे दहा पत्ते मांडा: एका महिन्यात दहा राजे, पुढच्यात दहा वजीर, मग दश्श्या, नव्व्या. पाहणाऱ्याला मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहाही अवतार रोज दिसतात, आणि कोणताही पत्ता वर्षात एकच महिना उजेडात येतो. २५ दिवस, आठ तास, ५० लक्स मिळून १०,००० लक्स-तास, दुसऱ्या वर्गाच्या वाट्याच्या निम्मे. चाचणीत एखादा रंग पहिल्या वर्गात निघाला, तर माणूस आल्यावरच लागणारा दिवा बसवा. तो दिवसाला सरासरी तीन तास लागला तर महिन्याचे ३,७५० होतात आणि ६,००० च्या आत राहतात.

एकाच पानावर उघडून ठेवलेल्या पोथीला, एकुलत्या एका शेल्याला असं वाटून घेता येत नाही. तिथे चांगली प्रतिकृती मांडा, तसं स्पष्ट लिहा, आणि मूळ वस्तू वर्षातले ठरलेले दिवस बाहेर काढा. ते दिवस आधी जाहीर केले तर लोक त्यासाठी मुद्दाम येतात.

वीज गेल्यावर काय करायचं, हे कलम विसरू नका. आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते तेव्हा पहिला हात झडपेकडे जातो. बॅटरीचे दोन कंदील दालनात ठेवा आणि झडप उघडायची नाही असं लिहून टाका.

## ९. आता दिवे आणि खिडक्या

आधी खिडक्या आणि काचेची कौलं, मग दिवे. २,७०० ते ३,००० केल्विनचा (म्हणजे पिवळसर उजेडाचा), रंग-दर्शन निर्देशांक (रंग किती खरे दिसतात याचं माप, कमाल १००) ९० च्या वरचा एलईडी बहुतेक ठिकाणी योग्य. त्यात अतिनील जवळजवळ नसतो, पण 'एलईडीने रंग उडत नाही' हा समज चुकीचा आहे, वरचा सगळा हिशेब त्यालाही लागू होतो. मंद करता येणारा दिवा घ्या आणि तो पेटीच्या आत बसवू नका. दिव्याची उष्णता बंद पेटीत साठते.

'५० लक्समध्ये काही दिसत नाही' ही तक्रार येणारच, आणि ती खरी असते. अंगणातल्या उन्हातून थेट अंधाऱ्या दालनात आलेल्या डोळ्यांना पहिली काही मिनिटं काही दिसत नाही, वयस्करांना तर जास्तच. उपाय दिवा वाढवण्यात नाही. आपल्या घरांची रचनाच इथे कामी येते: ओटीवर तिकीट आणि नकाशा, पडवीत दगड-धातूच्या वस्तू, आणि माजघरात कापड-कागद. माणूस तिथे पोचेपर्यंत डोळे सरावलेले असतात. काचपेटीच्या मागे उघडी खिडकी मात्र असू नये. तिच्या झगझगाटापुढे कोणताही मंद दिवा हरतो.

पडताळणी: दिवे बसल्यावर चौथी पायरी पुन्हा पूर्ण करा. ठेकेदाराचा आकडा लिहून घेऊ नका, स्वतः मोजा.

## १०. नोंदवही आणि देखरेख

प्रत्येक नाजूक वस्तूला नोंदवहीत एक पान द्या. नोंद अशी असते: 'दशावतारी गंजिफा, दहा राजे. दालन दोन, पेटी तीन. ४५ लक्स. २ ते ३१ जानेवारी, २६ दिवस, रोज ८ तास. बेरीज ९,३६०. कार्ड क्रमांक ७: बदल नाही.' दर महिन्याच्या शेवटी बेरीज करा, वाटा संपला की वस्तू पेटीत. उरलेला वाटा पुढच्या वर्षी जोडून घ्यायला हरकत नाही, पुढच्या वर्षीचा आज उचलायला आहे.

अतिनील फिल्म काही वर्षांनी निकामी होते आणि डोळ्यांना ते कळत नाही, म्हणून दर ऑक्टोबरला मीटर लावून पाहा. छपरावरची कौलं मे महिन्यात चाळली जातात, तेव्हा गवंडी एखादं काचेचं कौल नव्या जागी बसवून जातो. चाळणी झाली की खडू घेऊन कवडशांची आखणी पुन्हा करा.

जुनी कार्डं फेकू नका. काळ्या पाकिटात, तारीख घालून नोंदवहीच्या मागे जोडा, आणि कार्यकारी मंडळ बदललं की पहिल्याच बैठकीत नव्या सभासदांसमोर त्यांवरची फॉइल उघडून दाखवा.